20 रुपयांचा विमा की सातबाऱ्यावरची मदत?

उन्हाळ्यात विहिरीत बुडणं, सर्पदंश, वळवाची वीज यांची धास्ती असतेच. पंतप्रधान सुरक्षा विम्याला वर्षाला 20 रुपये लागतात. वय 18 ते 70, अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख. मुदत 31 मेला संपते, तेव्हा हप्त्यासाठी बँक खात्यात पैसे ठेवाच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत हप्ता नाही, रक्कम तेवढीच, वय मात्र 10 ते 75. पोहायला शिकणारं पोरही त्यात बसतं. मला हेच मोलाचं वाटतं. पण सातबारा हवा, आणि सातबाऱ्यावरच्या खातेदाराखेरीज घरातली एकच व्यक्ती बसते. भूमिहीन मजुराला 20 रुपयांचाच आधार. दवाखान्याचं बिल दोन्हींत नाही. म्हणून पोराच्या कमरेला सुका भोपळा घट्ट बांधा, काठावर पट्टीचा पोहणारा बसवा, आणि ढग गडगडले की आंब्याखाली थांबू नका.