ब्रॅव्हेक्टो: कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड मरतात, भिंतीतले नाहीत

गोचिडांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये ब्रॅव्हेक्टो ही फ्लुरालानेर या औषधाची चघळायची गोळी सगळ्यात लांब पल्ल्याची: एक गोळी, बारा आठवडे. नेक्सगार्ड आणि सिंपॅरिका दर महिन्याला द्याव्या लागतात. किंमत ऐकून दचकू नका. तीन महिन्यांच्या मासिक गोळ्यांची बेरीज करा आणि मग तुलना करा.

आधी वजन, तेही अंदाजाने नव्हे, दवाखान्यातल्या काट्यावर. १० ते २० किलोला ५०० मिलिग्रॅम, २० ते ४० किलोला १००० मिलिग्रॅम. औषध किलोमागे निदान २५ मिलिग्रॅम पडायला हवं. २१ किलोच्या कुत्र्याला ‘थोडंच जास्त आहे’ म्हणत ५०० ची गोळी दिली, तर हिशेब २४ च्या खाली येतो आणि शेवटच्या आठवड्यांत परिणाम ढिला पडू शकतो. मोठी गोळी आणून दोन कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटणं तर नकोच, कारण दोन्ही अर्ध्यांत औषध सारखं असेल याची खात्री नसते. गोळी जेवणाच्या वेळी द्यायची, पोट रिकामं असेल तर ती नीट शोषली जात नाही. काही कुत्री ती गालात धरून ठेवतात आणि नंतर सोफ्यामागे टाकतात. गिळेपर्यंत समोर उभं राहा.

‘गोळी देऊनही गोचीड दिसतात’ ही नेहमीची तक्रार. औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड आधी चावणार, मग साधारण बारा तासांत मरणार. मेलेला कातडीला चिकटून सुकतो. बोटाने हलवून पाहिलं तर पाय हलत नाहीत. जिवंत दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल नको, तेल नको, नखाने चिरडणं तर अजिबात नको.

चावल्याशिवाय मरत नाही, हीच या गोळीची मर्यादा. बॅबेसिया या आजाराचा जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरायला गोचीड साधारण दोन-तीन दिवस चिकटलेला लागतो, तिथे गोळी कामाला येते. एर्लिकिया हा गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू मात्र काही तासांतच शिरू शकतो. म्हणून गोळी चालू असतानाही कुत्र्याने जेवण टाकलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासा: प्लेटलेट आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं). स्मिअरमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं, शंका राहिली तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सहसा २८ दिवस चालतं. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून थांबवू नका.

आता भिंतीकडे. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडाची रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते (लॅटिनमध्ये एरंडाचं नाव ‘रिसिनस’, म्हणजे गोचीडच). ती कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि चौकटीच्या फटीत, पडद्याच्या घडीत हजारोंनी अंडी घालते. उबेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन महिने पुरतात. म्हणजे पहिल्या गोळीची मुदत संपते त्याच सुमारास नवी पिढी भुकेली बाहेर येते. दुसरी गोळी ‘आता दिसत नाहीत’ म्हणून लांबवली की सगळं पहिल्यापासून. मधल्या काळात फटींतून व्हॅक्यूम फिरवा, त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका, अंथरूण गरम पाण्यात धुवा. फवारणी करवून घेणार असाल तर भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत करवून घ्या, नुसत्या फरशीवर काही होत नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाला हात लावू नका.

फिट येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये या गटातल्या सगळ्याच औषधांबद्दल (नेक्सगार्ड, सिंपॅरिकाही त्यातच) तसा इशारा दिला होता, त्यामुळे मासिक गोळीकडे वळून हा प्रश्न सुटत नाही. दर आठवड्याला वजन वाढणाऱ्या पिल्लाला मात्र मासिक गोळीच बरी, बारा आठवड्यांत ते एक वजनगट ओलांडून पुढे जातं.