बंगारमचे तिकीट खरे होते, तरीही फसवणूक झाली

लक्षद्वीपमधील बंगारम बेटावरच्या सहलीच्या नावाखाली आमचे १ लाख ६४ हजार रुपये गेले. ही रक्कम ज्याने घेतली त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण पोलीस तक्रार झालेली आहे आणि तपास सुरू आहे. मात्र फसवणुकीची पद्धत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण नागपुरात अशा सहली विकणारे आता बरेच झाले आहेत आणि ही पद्धत एकदा तपासून पाहिल्यावरही लक्षात येत नाही.

माझ्या आईच्या दीर्घ आजारपणात पत्नीची सतत धावपळ झाली होती. त्यानंतर तिची एवढीच इच्छा होती की, जिथे पाहण्यासारख्या स्थळांची यादी नाही, पहाटे उठवून बसमध्ये बसवणारा कोणी नाही, अशा ठिकाणी चार दिवस नुसते समुद्राकडे पाहत बसावे. बंगारम त्यासाठी अगदी योग्य बेट आहे. तिथे गाव म्हणावे अशी वस्ती नाही. नारळाची झाडे, सभोवती उथळ निळे पाणी आणि पर्यटकांसाठी राहण्याची मोजकी सोय, इतकेच. लक्षद्वीपच्या ३६ बेटांचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आहे आणि संपूर्ण द्वीपसमूहात विमानतळ एकच, तो अगत्तीला. कोचीहून लहान विमानाने अगत्ती गाठायचे आणि तिथून बोटीने बंगारमला जायचे. कोचीहून जहाजाने निघाल्यास बेटानुसार १४ ते १८ तास लागतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याची छायाचित्रे सर्वत्र पोहोचल्यानंतर लोकांची चौकशी एकदम वाढली, पण विमानातल्या जागा आणि बेटावरच्या खोल्या काही एका रात्रीत वाढत नाहीत. त्यामुळे "जागा मिळवून देतो" असे सांगणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

धरमपेठेतील त्या गृहस्थाचे कार्यालय नीटनेटके होते आणि त्याला लक्षद्वीपची माहितीही चांगली होती. इथेच सावध राहायला हवे, असे मी आवर्जून सांगेन. तो जे सांगत होता त्यात खोटे फार थोडे होते. बेट दूर असल्यामुळे ज्या अडचणी खरोखरच येतात, त्यांचाच तो आडोसा घेत होता. पूर्ण पैसे आगाऊ का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, तिथे भाजीपालासुद्धा जहाजाने येतो, त्यांना आधीच तयारी करावी लागते." बाहेरून बेटांवर बहुतेक सामान जहाजानेच येते, हे खरेच आहे. परवाना अजून का आला नाही, तर प्रशासन तो अगदी शेवटी देते, असे त्याचे उत्तर होते. भारतीय नागरिकांनाही लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, हेही खरे, आणि आपल्याकडच्या फार थोड्या लोकांनी तो कधी पाहिलेला असतो. बेटावरच्या मुक्कामाच्या ठिकाणी थेट फोन करावा म्हटले, तर "तिथे नेटवर्कच नसते, काका, लागणार नाही" असे सांगून त्याने तो विषय संपवला. वस्तुस्थिती अशी आहे की कोचीहून लक्षद्वीपच्या ११ बेटांपर्यंत समुद्राखालून टाकलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्येच झाले आणि त्या ११ बेटांत बंगारमही आहे.

आता तिकिटाविषयी. त्याने आम्हाला कोची ते अगत्तीचे विमान तिकीट पाठवले. मुलाने त्यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. दोघांची नावे, तारीख, वेळ सगळे बरोबर होते आणि तिकीट निश्चित झालेले होते. हे पाहूनच आम्ही मोठा हप्ता दिला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ते तिकीट रद्द केले आणि कापून उरलेली रक्कम स्वतःच्या खात्यात परत घेतली. आरक्षण करताना संपर्कासाठी त्याने स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल दिला होता, त्यामुळे तिकीट रद्द झाल्याचा संदेश आमच्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या हातात मात्र एका खऱ्या तिकिटाचा कागद राहिला.

नागपूरहून कोचीपर्यंतचा प्रवास आम्ही केरळ एक्सप्रेसने केला; ते आरक्षण आमचे स्वतःचे होते. कोचीच्या विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने पीएनआर दोनदा टाकून पाहिला आणि मग स्क्रीन आमच्याकडे वळवून "रद्द" ही नोंद दाखवली. पत्नी काही बोलली नाही; तिने फक्त परवान्याचा कागद पिशवीतून काढून पुढे केला. त्या मुलीने तो शांतपणे वाचला आणि बेटांच्या रकान्यावर बोट ठेवले. परवान्यात कोणत्या बेटांवर जाण्यास मुभा आहे ते लिहिलेले असते. आमच्या कागदावर अगत्तीही नव्हते आणि बंगारमही नव्हते. अमिनी आणि कदमत ही दोन नावे होती. नीट पाहिल्यावर आमच्या नावांची ओळ बाकी मजकुरापेक्षा किंचित ठळक आणि थोडी खाली सरकलेली दिसली. कोणाच्या तरी जुन्या परवान्यावर आमची नावे आणि तारखा चिकटवल्या होत्या. लक्षद्वीप प्रशासनाचे कार्यालय कोचीतल्या विलिंग्डन बेटावर आहे. आम्ही तिथे गेलो, तेव्हा परवान्यावरचा क्रमांक दुसऱ्याच प्रवाशाचा असल्याचे कळले. तिथल्या कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने सगळे समजावून सांगितले, त्याची आठवण आजही आहे.

त्या गृहस्थाचा फोन तेव्हापासून बंद आहे. धरमपेठेतले कार्यालय काही महिन्यांच्या भाड्याने घेतलेले होते. तिथे आम्हाला वर्धा आणि अमरावतीहून आलेली कुटुंबे भेटली. त्यांच्याकडेही तोच परवाना, त्याच क्रमांकाचा, होता.

विमानतळावरूनच मुलाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा एक उपयोग नक्की झाला. आधीचे हप्ते त्याच्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते, परंतु निघण्याच्या आदल्या दिवशी "बोटीचे भाडे" म्हणून मागितलेले २० हजार रुपये बँकेने गोठवले. पैसे गेल्याचे कळताच, घरी परतण्याची वाट न पाहता, तिथूनच फोन करावा. जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरत जाते. नागपुरात पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग त्याशिवाय वेगळा खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आम्ही ती तक्रार तयार करत आहोत. सर्व पैसे एका वैयक्तिक बचत खात्यात घेतले गेले आणि पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, या दोन गोष्टींना वकिलांनी विशेष महत्त्व दिले आहे.

लक्षद्वीपला जाऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. प्रशासनाची स्वतःची पर्यटन व्यवस्था आहे, परवान्यासाठी प्रशासनाचे संकेतस्थळ आहे आणि परवान्याचे सरकारी शुल्क अगदी किरकोळ आहे. मध्यस्थाकडून जायचेच असेल तर विमान तिकिटावर आपलाच मोबाइल क्रमांक घालण्याचा आग्रह धरावा आणि बेटावरच्या खोलीचे आरक्षण तिथल्या चालकाकडून थेट लेखी मागवावे. या दोन्ही गोष्टींना जो नकार देतो, त्याला बयाणासुद्धा देऊ नये. मुख्य भूमीवरच्या एखाद्या गावी हॉटेल खोटे निघाले तर शेजारचे दुसरे घेता येते. बंगारमच्या बाबतीत परवाना, विमानातली जागा आणि खोली यांपैकी एक जरी नसेल तरी प्रवास कोचीलाच थांबतो, आणि फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

ज्यांनी असे पैसे भरलेले आहेत आणि ज्यांचा प्रवास अजून व्हायचा आहे, त्यांनी पीएनआर पूर्वी तपासला असला तरी आज पुन्हा तपासावा, परवान्यावरची बेटांची नावे वाचावीत आणि काही वेगळे आढळले तर पुढचा हप्ता थांबवून आधी १९३० वर फोन करावा.