लेदर म्हणून रेक्झिन चढवलं: स्टिअरिंगपायी ११,२०० रुपये गेले

लिहायला लाज वाटतेय, पण पुण्यात आणखी कुणी असं नागवलं जाऊ नये म्हणून लिहितोय.

माझ्या २०१५ च्या गाडीच्या स्टिअरिंगचं लेदर हाताच्या घामाने आणि सॅनिटायझरने झिजून पांढरट पडलं होतं. उपनगरातल्या एका कार ॲक्सेसरीजवाल्याने ३,५०० रुपयांत ते रंगवून दिलं. गाडी घेतली तेव्हा आत थिनरचा भपकारा होता आणि स्टिअरिंग बुटासारखं चकाकत होतं. लेदरला असली चकाकी नसते हे मला कळत होतं. "साहेब, दोन दिवस हात जपून लावा, कोट बसतोय," म्हणाला. सात आठवड्यांत हात धरायच्या दोन्ही जागी पापुद्रे सुटले आणि नखाने रंगाची सालं निघू लागली.

परत गेलो तर म्हणे, "तुमचं लेदरच आतून मेलंय. ओरिजिनल नापा, म्हणजे मऊ अस्सल लेदर, चढवून देतो, ६,८००." ५,००० जीपेवर आधी, १,८०० काम झाल्यावर रोख. बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही, कागदावर फक्त 'स्टिअरिंग काम'. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला आणि मी गप्प बसलो.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. गाडी आणायला गेलो तेव्हा खाली कातरलेले काळे तुकडे पडले होते. एक मी स्वतः उचलला. मागून पांढरं विणलेलं कापड! खऱ्या लेदरची मागची बाजू तंतुमय असते, कापडाचं अस्तर रेक्झिनला असतं. तुकडा हातात होता, दुकानदार समोर होता, आणि मी तो खाली टाकून उरलेले पैसे दिले. वडिलांना पहाटे नाशिकला तपासणीसाठी न्यायचं होतं, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अशा वेळी कोण भांडत बसतं?

घाटात एअरबॅगचा दिवा लागला. बॅटरी न काढताच एअरबॅगचा प्लग ओढला होता. स्कॅन करून तो घालवायला आणखी ९००.

नंतर सीट शिवणाऱ्या एका जुन्या कारागिराने नीट समजावलं. माझं लेदर मेलं नव्हतंच. वरचा कच्चा रंग क्लीनरने पूर्ण काढायचा, ६००-८०० च्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, चिरांत लवचीक फिलर भरायचा, मग पाण्यातला लेदर कलर पातळ पातळ हातांनी द्यायचा आणि वर मॅट टॉपकोट. त्या माणसाने तेलकटपणा न काढताच स्प्रे मारला होता. आता दुरुस्त करायला मूळ लेदर उरलंच नाही, ब्लेडने कापून फेकलंय. काम कुठेही द्या, निघालेलं जुनं लेदर परत मागून घ्याच.

चौकीत गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहक न्यायालयात जा." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. तीन चकरा, तीन वेगळे हवालदार, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि शेवटी एकाने विचारलं, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला?" एवढीशी? माझ्या पगारातून गेलीय ती! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बावीस दिवसांनी मेसेज आला: समोरच्याकडून उत्तर नाही, तक्रार बंद. उत्तर देत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो ना! फसवणाऱ्याने गप्प बसायचं आणि फाइल आमची मिटायची, हा कुठला न्याय?

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षं आहे. पण अर्जात समोरच्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि माझ्या बिलावर मालकाचं नाव नाही. १८ टक्के वाचवायला जाऊ नका. रोख तर अजिबात देऊ नका, त्या १,८०० चा माझ्याकडे काहीच पुरावा नाही. जीपेच्या पावतीवर मात्र एक नाव आलंय, दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं. त्याच नावाने सोमवारी स्पीड पोस्टाने नोटीस धाडलीय. पोचपावती अजून आलेली नाही.