म्युनिकहून एका दिवसात: इझारचा काठ, मुर्नाउची दलदल की टेगर्नझेमागचं जंगल?

मे उजाडला की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते. कोणी पुण्याहून सहा महिन्यांच्या कामावर म्युनिकला आलेलं असतं, कोणी इथेच दहा वर्षं राहून आत्ता कुठे सायकल हातात घेतलेली असते. शनिवार मोकळा आहे, ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल, भाड्याने मिळतेय, आल्प्सच्या पायथ्याशी जायचंय, पण नेमकं कुठे?

म्युनिक आहे समुद्रसपाटीपासून 520 मीटरवर. तिथून दक्षिणेला 50-60 किलोमीटरवर डोंगर अचानक उभे राहतात. मधल्या पट्ट्यात हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या टेकड्या, तळी आणि दलदली आहेत, आणि त्यांतून शेतांचे, जंगलखात्याचे, कालव्यांच्या काठाचे मुरमाचे रस्ते सगळीकडे गेलेले आहेत. आपल्याकडच्या कालव्याच्या कच्च्या रस्त्यासारखेच, फक्त खडी पांढरी, चुनखडीची. कोरडी असली की चाक छान धावतं. भिजली की तिचा राखाडी चिखल होतो, चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये जाऊन बसतो आणि ब्रेक पॅड बघता बघता झिजतात. या पट्ट्यातले एका दिवसात होणारे तीन मार्ग मी पुन्हा पुन्हा केले आहेत, त्यांच्याबद्दलच सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते. किलोमीटर बघून मार्ग निवडू नका. मध्येच पाय संपले, पाऊस आला, टायर फाटला, तर मार्ग कुठे सोडता येतो आणि तिथून घरी कसं येता येतं, ते बघून निवडा. नवख्या माणसाचा दिवस बिघडतो तो चढामुळे क्वचितच. तो बिघडतो संध्याकाळी सातला भलत्याच ठिकाणी अडकल्यामुळे.

इझारपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांच्या मनात आधी तोच येतो. नदीकाठ धरून बाड ट्योल्त्सपर्यंत साधारण 55 किलोमीटर, पुढे लेंग्ग्रीसपर्यंत आणखी दहा. ग्रुनवाल्डच्या जंगलातून म्युलटालला उतरायचं, मग कालव्याकाठाने जायचं. उन्हाळ्यात वोल्फ्राट्सहाउझेनहून निघालेले लाकडी ओंडक्यांचे तराफे इथून शहराकडे जातात, वर बँड वाजत असतो आणि काठावर उभं राहिलं की तराफ्यावरची माणसं हात करतात. पलीकडे शेफ्टलार्नचा मठ आहे, 762 सालचा. पुढे पुप्लिंगर आउ, म्हणजे इझार आणि लॉइझाखच्या संगमाजवळचं विरळ पाइनचं रान, तिन्ही मार्गांत माझं सर्वांत आवडतं. तिथे नदी अजून मोकळी वाहते आणि दर पुरात आपला गोट्यांचा पट बदलते. त्या गोट्यांवर छोट्या चिखल्यासारखे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. अंड्यांचा रंग हुबेहूब गोट्यांसारखा, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसतच नाहीत. विणीच्या काळात नदीतल्या बेटांवर जाऊ नका असे फलक असतात, ते मनापासून पाळा.

बहुतेक जण हा मार्ग म्युनिकहून दक्षिणेकडे करतात. माझा सल्ला उलटा आहे: सकाळी रेल्वेगाडीने लेंग्ग्रीसला जा आणि नदीबरोबर खाली या. लेंग्ग्रीस 679 मीटरवर आहे, म्हणजे उतार तुमच्या बाजूने. फ्योन नावाचा दक्षिणेचा कोरडा गरम वारा सुटला असेल तर तोही पाठीशी. पण खरं कारण गाडी आहे. रविवारी संध्याकाळी डोंगराकडून परतणाऱ्या गाड्या सायकलींनी खच्चून भरलेल्या असतात, आणि जागा नसेल तर सायकलवाल्याला फलाटावरच थांबावं लागतं. व्हीलचेअर आणि बाबागाडी आधी, ते योग्यच आहे. सकाळी आठच्या गाडीत मात्र जागा मिळते, आणि संध्याकाळी तुम्ही पेडल मारत थेट घराच्या दारात येता. डोंगर पाठीमागे राहतात, हे नुकसान आहेच. मी थांबून वळून बघते.

सुटकेच्या वाटाही इथे भरपूर. वोल्फ्राट्सहाउझेनला एस-बानची, म्हणजे म्युनिकच्या उपनगरी रेल्वेची, एस-७ मिळते, आणि शेफ्टलार्नहून एबेनहाउझेन स्टेशन जवळ आहे. फक्त ते दरीच्या वरच्या काठावर आहे, त्यामुळे दमलेल्या पायांनी एक खडा चढ चढायची तयारी ठेवा. आणि कामाच्या दिवशी गेलात तर सकाळी 6 ते 9 आणि दुपारी 4 ते 6 एस-बानमध्ये सायकल चालत नाही.

आता मुर्नाउ. हा मार्ग लोक सर्वांत कमी निवडतात. नकाशावर सपाट दिसतो, म्हणून. सपाट आहेच. पण सपाट म्हणजे कंटाळवाणा असं ज्याला वाटतं, त्याने ऑक्टोबरात एकदा सकाळी नऊला मुर्नाउच्या खालच्या अंगाला, एंडल नावाच्या छोट्या चर्चपाशी उभं राहावं. समोर 32 चौरस किलोमीटरची दलदल, वर पांढऱ्या धुक्याचा थर आणि त्यातून फक्त डोंगरांचे माथे बाहेर आलेले. गवत तांबूस झालेलं असतं. शेतकरी ते शरद ऋतूत कापतात, गोठ्यात गुरांखाली अंथरायला, आणि या कापणीमुळेच इथली कुरणं झुडपांनी भरून गेलेली नाहीत. गाब्रिएले म्युंटर आणि कांडिन्स्की हे चित्रकार 1909 पासून मुर्नाउत राहून रंगवत होते. त्यांच्या चित्रांतले निळे डोंगर मला आधी अतिशयोक्ती वाटायचे. त्या सकाळी तसा निळा समोर होता.

मुर्नाउहून दलदलीच्या कडेने एशेनलोहे, मग लॉइझाखच्या सोबतीने ओलश्टाट, ग्रोसवाइल, कोखेलचं तळं आणि बेनेडिक्टबॉयर्न. एवढं 45 किलोमीटरच्या आसपास होतं. परत मुर्नाउला यायचं म्हटलं तर 60 ते 65, आणि मुर्नाउ टेकडीवर असल्याने शेवटी एक चढ. मी फिरून मुर्नाउला येत नाही. मुर्नाउ आणि बेनेडिक्टबॉयर्न या दोन वेगळ्या फाट्यांवरच्या गाड्या टुट्झिंगला एकत्र येतात, म्हणून एका फाट्यावर उतरून दुसऱ्यावर चढता येतं. वाटेत ओलश्टाट, एशेनलोहे, कोखेल ही स्टेशनंही आहेत. सुटकेच्या बाबतीत हा मार्ग इझारच्या तोडीचा आहे.

बेनेडिक्टबॉयर्नला मठाच्या आवारात वेळ काढाच. याच गावात फ्राउनहोफर भिंगांसाठी काच बनवत होता, आणि 1814 साली सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा त्याने इथेच अभ्यासल्या. शाळेत भौतिकशास्त्रात पाठ केलेलं नाव असं एका खेड्यातल्या काचेच्या जुन्या भट्टीशी भेटतं, तेव्हा मला फार आनंद होतो.

उणीव एकच, ओल. पावसानंतर दोन-तीन दिवस दलदलीतले रस्ते मऊ राहतात, आणि पायी फिरणाऱ्यांसाठी टाकलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर सायकल चालवायची नाही. फळ्या ओल्या असल्या की चाक साबणावर गेल्यासारखं निसटतं, आणि खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती आहे, जिला सायकलच्या चाकाची चरीसुद्धा वर्षानुवर्षं भरून काढता येत नाही.

टेगर्नझेचा मार्ग सर्वांत छोटा आणि तरीही सर्वांत अवघड. ग्मुंडला उतरायचं. इथूनच टेगर्नझे तळ्यातून मांगफाल नदी निघते, जिच्या खोऱ्यातलं पाणी 1883 पासून म्युनिकच्या नळांना येतं. मग बाड वीसे, तिथून झ्योलबाख ओढ्याच्या सोबतीने जंगलातून श्वार्त्सेनटेन आल्मपर्यंत, 1027 मीटरवर. आल्म म्हणजे डोंगरातलं गुरांचं कुरण आणि तिथलं घर. पुढे क्रॉइटच्या खोऱ्यात उतरून रोटाख-एगर्नवरून टेगर्नझे स्टेशन. एकूण 35 ते 40 किलोमीटर, मुख्य चढ 300 मीटरच्या आसपास. ज्याने रविवारी पहाटे सिंहगडाचा घाट चढला आहे, त्याला हा आकडा किरकोळ वाटेल. फरक खडीचा आहे. डांबरावर पेडलवर उभं राहून जोर लावता येतो. इथे उभं राहिलात की मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत चढावं लागतं. उताराला त्याहून जास्त जपा. समोरून लहान मुलांना घेऊन कुटुंबं वर येत असतात आणि पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. बव्हेरियात योग्य अशा जंगलवाटांवर सायकलला मुभा आहे. शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायला बंदी आहे. ही मुभा टिकवायची तर घंटी वाजवून, वेग कमी करून, नमस्कार करून पुढे जायला हवं.

जंगलाच्या त्या तुकड्यात स्टेशन नाही, फाटा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, तेव्हा अकराच्या आत वर पोहोचा. एकट्याने जाऊ नका. आणि एप्रिलमध्ये तर नकोच, उत्तरेकडच्या सावलीत बर्फ राहिलेला असतो.

गाडीचीही एक मेख आहे. म्युनिकहून निघालेली गाडी होल्त्सकिर्खेनला आणि पुन्हा शाफ्टलाखला तुटते, एक भाग लेंग्ग्रीसला, दुसरा टेगर्नझेला. मागच्या जूनमध्ये आमच्यातल्या एकाने सायकल एका डब्यात लावली आणि गप्पा मारायला आमच्या डब्यात येऊन बसला. शाफ्टलाखला दारं बंद झाली आणि खिडकीतून त्याला आपली निळी सायकल लेंग्ग्रीसकडे जाताना दिसली. ती मिळाली, पण दिवस गेला. डब्यावरची पाटी वाचूनच सायकल चढवा आणि तिच्याजवळच बसा. डॉइचलँड-टिकिट या देशभर चालणाऱ्या मासिक पासात सायकल येत नाही, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

तर कोणी काय निवडावं? पहिल्यांदाच खडीवर जाणाऱ्याने लेंग्ग्रीसहून इझारबरोबर खाली यावं, 40 मिलिमीटरचे टायर पुरतात. सोबत सायकल न चालवणारं माणूस असेल, किंवा तुम्हाला थांबत, बघत, फोटो काढत जायचं असेल, तर मुर्नाउ, आणि शक्यतो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. या दोन्हींनंतर, आठवडाभर कोरडा गेला असेल तेव्हा टेगर्नझे, 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा जरा कमी ठेवून. तोही सहज झाला तर श्वार्त्सेनटेनहून हिर्शटालझाटल खिंड ओलांडून लेंग्ग्रीसला उतरता येतं, 1200 मीटरच्या वरून. त्या उतारावर ब्रेक दाबून बोटं बधिर होतात, मध्ये दोनदा थांबा.

माझ्यापुरतं म्हणाल, तर वर्षातला एकच दिवस मिळाला तर मी मुर्नाउला जाईन.

खाण्याचं आदल्या दिवशीच बघून ठेवा. रविवारी इथली दुकानं बंद असतात, आणि डोंगरातल्या आल्मवर शाकाहारी माणसासाठी केझश्पेत्स्ले (चीज घातलेल्या जाड शेवया) किंवा काइझरश्मारन (गोड पॅनकेकचे तुकडे) मिळालं तरी रोख पैसे खिशात असलेले बरे. मी दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू हँडलच्या पिशवीत ठेवते. दशमी उन्हात तासन् तास टिकते, आणि एका हाताने खाता येते.