दत्तकपत्र की कारा?

मूल दत्तक घ्यायला हिंदूंना दोन वाटा आहेत. एक १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याची. आईबापांची संमती, देण्याघेण्याचा विधी, स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं दत्तकपत्र, त्यावर दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाचा शिक्का. झालं. घेणारं घर कसं आहे, हे बघायला कुणीही येत नाही. विधी झाला की आईला मन बदलायची सोय नाही. या कायद्यात मुलासाठी पैसे घेतले तर शिक्षा फार तर सहा महिने. बकरी चोरली तरी यापेक्षा जास्त होते!

दुसरी वाट २०१५ च्या बालन्याय कायद्याची, म्हणजे ‘कारा’ची (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, दत्तकाचं काम पाहणारी सरकारी संस्था). ही सर्वधर्मीयांना खुली. इथे बालकल्याण समितीपुढे मूल सोपवलेल्या आईला फेरविचाराला ६० दिवस मिळतात, गृहभेट होते, पुढे दोन वर्षं पाठपुरावा. मुलाची विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची, म्हणून लोक दत्तकपत्राकडे वळतात.

एका बाबतीत मात्र पारडं उलटं फिरतं. दत्तकपत्रावर जन्मदात्या आईचं नाव असतं. काराच्या वाटेने गेलेलं मूल मोठेपणी आईला शोधू लागलं, तर तिच्या गोपनीयतेचा हक्क आडवा येतो. मला तरीही कारा बरी वाटते.