24 लिटर टाकीचा प्रेशर पंप संच विहिरीच्या पाण्यावर कसा चालतो?

आडव्या 24 लिटर टाकीवर बसवलेली 1 एचपीची जेट मोटर, हे सगळं एकत्र जोडणारा पितळी पंचमुखी जोड, दाब दाखवणारा गेज आणि दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच, असा हा तयार संच. कोकणात परसातल्या विहिरीचं पाणी थेट नळाला घ्यायचं आणि गच्चीवर टाकी नको, अशा घरांसाठी सोयीचा. मोटर दणकट आहे. तक्रार आहे ती जुळणीची.

टाकीत रबरी फुग्याबाहेर मुळात 1.5 बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरून येते आणि स्विच लावलेला असतो 1.4 ला चालू, 2.8 ला बंद. म्हणजे हवा 1.5 लाच सगळं पाणी बाहेर ढकलते आणि मोटर सुरू व्हायच्या आधीच टाकी रिकामी. अंगाला साबण लावलेला असताना शॉवर क्षणभर मरतो, तो यामुळेच. वीज बंद करा, नळ उघडून गेज शून्यावर आणा आणि मगच हवा मोजा. टाकीत पाणी असताना आलेला आकडा खोटा. टाकीच्या मागच्या टोपीखाली गाडीच्या ट्यूबसारखाच वॉल्व्ह असतो, टायरचा गेज चालतो. हवा 1.3 वर ठेवा. मोटर बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत आठेक लिटर पाणी मिळेल. दुकानदार काही सांगो, 24 मिळत नाही.

नळ सोडल्यावर मोटर दर दोन-चार सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर हवा गेली. वॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला रबरी फुगा फाटला. नुसता फुगा बदलून मिळतो, अख्खी टाकी घेऊ नका.

सगळे नळ बंद, तरी रात्री मोटर मधूनच सुरू होते? घराकडे जाणारा बॉल व्हॉल्व्ह बंद करून काटा बघा. काटा थांबला तर गळती घरात आहे, बहुधा कमोडच्या फ्लशमध्ये. उतरतच राहिला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर पाणी मागे विहिरीत जातंय. विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) काढा, जांभ्याचा बारीक खडा अडकलेला सापडेल किंवा वॉशर झिजलेला.

मोटर चालूच राहते पण 2.8 गाठत नाही, ही मे महिन्यातली तक्रार. मोटरवाला लगेच इंपेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) बदलायला सांगेल. आधी दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. माहितीपुस्तकात ओढ (किती खोलवरून पाणी खेचतो) जास्त लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात मोटरपासून पाणी 7 मीटरच्या खाली गेलं की हवा धरते. पातळी ठीक असेल आणि नळातून फसफसत पाणी येत असेल तर सक्शनचा, म्हणजे विहिरीतून पाणी खेचणाऱ्या पाइपचा, एखादा जोड हवा ओढतोय. संचात ड्राय रन संरक्षण (पाणी नसताना मोटर बंद करणारी सोय) नाही, ही मोठी उणीव. कोरडी चालली की सील जळतं. हे संरक्षण वेगळं बसवून घ्याच.

गेजही सुमार आहे, काटा अडकतो. ग्लिसरीनवाला टाका. स्विचखालच्या बारीक भोकात तांबडा गाळ बसला तर मोटर वेळेवर बंद-चालू होत नाही. वीज काढून तारेने साफ करा. गेज 2.5 दाखवतो आणि शॉवरला धार नाही, तर फिल्टरची कांडी तुंबलीय, संचाचा दोष नाही.

उन्हाळ्यात पाणी 7 मीटरखाली जाणारी विहीर असेल तर हा घेऊ नका, सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) घ्या. टाकी आणि स्विच त्यालाही लागतील.