पंधराशेचा मायक्रोस्कोप, चारशेचा काटा: सात महिन्यांनंतर

चवथीच्या आधी मागवलेला यूएसबी मायक्रोस्कोप शिगम्यापर्यंत जवळजवळ रोज रात्री वापरला, म्हणून आता लिहितोय. गोव्यात डिचोलीत आमचं भुसारी दुकान आहे. गल्ल्यातली चिल्लर घरी आणायची, चाळायची, सकाळी परत न्यायची, एवढाच माझा छंद. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटाही घेतला, तो मात्र निव्वळ डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून.

खोक्यावर १०००एक्स छापलंय, त्याला भुलू नका. वीस-चाळीस पटीपर्यंत काम होतं. पुढे गेलं की साधा ओरखडाही दरी वाटू लागतो आणि माणूस प्रत्येक नाण्यात एरर, म्हणजे टांकसाळीची चूक, शोधायला लागतो. टांकसाळीची खूण बघायला तर सोनाराचं दहा पटीचं भिंग पुरे: सालाखाली हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर मात्र ठिपका आहे की ठोकर लागून पडलेला खड्डा, हे मायक्रोस्कोपच सांगतो. ठिपका वर उठलेला असतो, खड्डा आत.

माझी पहिली फजिती १९९८ च्या दोन रुपयांची. सालाचे आकडे चक्क दुहेरी! रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपचे एलईडी बंद करून टेबललॅम्प तिरका धरला, तेव्हा खरं दिसलं. दुसरी रेघ म्हणजे एक सपाट पायरी होती, आणि ती मूळ आकड्याचंच अंग खाऊन तयार झालेली. आकडा त्यामुळे बारीक झाला होता. म्हणजे मशीन डबलिंग, ठसा बसताना डाय (नाण्यावर ठसा मारणारा साचा) किंचित हलल्याने होणारं. डायमध्येच दुहेरी ठसा असेल तर दुसरी रेघसुद्धा गोलसर फुगीर असते आणि अक्षराच्या टोकाला फाटा फुटलेला दिसतो. त्यानंतर चकचकीत नाण्यांवर मी ते गोल एलईडी लावतच नाही. बायकोनेही दहानंतर दुहेरी काहीही दाखवायला बंदी घातली आहे.

खरं काम केलं ते काट्याने. १९९२ साली आलेलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅमचं. गल्ल्यात एक सापडलं, कडेला चंद्रकोरीसारखा चावा घेतलेलं, वजन ४.५१. आता एवढं वजन कानशीनेही उतरवता येतं. पण चाव्याच्या बरोबर समोरची कड पुसट होती, नीट उठलीच नव्हती. चकतीच मुळात अपुरी असली की काठ उभा करताना समोरच्या बाजूला दाब बसत नाही. याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात. महिन्याभराने एकाने तसलंच नाणं ‘क्लिप एरर’ (चकतीच अपुरी कापली गेलेलं) म्हणून आणलं. वजन जवळपास तेवढंच, पण काठ सगळीकडे ठसठशीत आणि कापलेल्या जागी कानशीच्या समांतर रेघा.

आमच्या घरचाही एक भ्रम असाच फिटला. आजीचा १९०३ चा पोर्तुगीज चांदीचा रुपया, राजा कार्लुशचा. तो ११.६६ ग्रॅम भरायला हवा, भरला ११.४१. काका वर्षानुवर्षं सांगत, टांकसाळीतच कमी पडलाय. मायक्रोस्कोपखाली राजाच्या डोक्यावरच्या काठाला करड्या रंगाचा, बुडबुड्यांचा थर दिसला: डाग दिल्याची, म्हणजे झाळकाम केल्याची खूण. आजीने कडी लावून तो माळेत घातला होता, आणि गळ्यात घासून घासून चांदी झिजली. काका दोन दिवस बोलले नाहीत.

तक्रारीही आहेत. स्टँडचा स्क्रू पावसाळ्यातच गंजला, आता डोकं हळूहळू खाली मान टाकतं. मोबाइलचं अ‍ॅप जाहिरातींनी भरलेलं. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यातच चित्र बरं येतं. भिंगावर धुकं धरायचं, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यावर थांबलं. विक्रेत्याला स्टँडबद्दल दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

एक उपद्व्याप वाढला: गावभर बातमी झाली. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन येणारे ‘बाब, कितके लाख?’ असं विचारतात. जुन्या नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय, हे सांगून सांगून तोंड दुखलं.

मायक्रोस्कोपला पाचपैकी तीन. काट्याला पाच देईन, पण हल्ली तो माझ्या टेबलावर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त असतो. बायको त्यावर केशर मोजते.